आप्पांच्या छातीतला खर्ज

नाट्यगृहात दुपारचा खेळ असला की हर्षलाच्या वडिलांना, आप्पांना, सकाळीच रिक्षात घालून आणायचं, ही तिच्या ऑर्केस्ट्राची जुनी रीत. सारी हयात कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था सांभाळलेला माणूस. कान अजून शाबूत, हृदय तेवढं कुरकुरणारं. रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत ते एकटेच बसायचे. हर्षला बेस गिटार छेडायची आणि ते हातानं सांगायचे: तळवा वर म्हणजे खर्ज वाढव, तळवा खाली म्हणजे कमी कर. आप्पांची मान हलली की मग ब्रह्मदेव आला तरी कुणी बटणांना हात लावायचा नाही.

आज तिच्या पायाशी नवी प्रीअँप होती. बँडमधले सगळे तिला पायडबी म्हणत. तारांतून निघालेला अशक्त आवाज मोठ्या स्पीकरकडे जाण्याआधी त्याला घाट द्यायचा, खर्ज किती, धार किती ते ठरवायचं, एवढंच काम असल्या डब्या आजवर करत आल्या. मिरजेच्या इलियासभाईंनी बनवलेली ही मात्र जास्तीची शहाणी. समोर बसलेल्यांच्या छातीचे ठोके ती दुरूनच सूक्ष्म लहरींनी टिपायची आणि खर्जात त्याच ठोक्यांची बारीक थरथर मिसळायची. सूर कानात नाही, थेट छातीत उतरावा म्हणून. सकाळी आप्पा भलतेच खूश झाले. कित्येक दिवसांत छातीत इतकं मोकळं वाटलं नव्हतं म्हणाले. हर्षलानं तेच माप डबीत कायम करून टाकलं, नेहमीसारखं.

खेळ भरगच्च होता. तिसऱ्या गाण्यात बेसला विश्रांती होती. हर्षलानं तारांवरून हात उचलला आणि पहिल्या रांगेत आप्पांची मान छातीवर पडली. म्हातारा पेंगला वाटतं, म्हणून तिला आधी हसूच आलं. मग त्यांचे निळसर ओठ दिसले. घाबरून तिची बोटं तारेवर आदळली, खर्ज घुमला, आणि आप्पा दचकून ताठ बसले. तिनं पुन्हा हात उचलून पाहिला. आप्पांचा हात छातीकडे गेला.

बोटं पुन्हा तारेवर टाकत तिनं पायाशी डबीकडे पाहिलं. सकाळी सभागृहात दुसरं होतंच कोण! डबीनं एकाच हृदयाचं माप घेतलं होतं, आणि त्या थकल्या हृदयानं दोन गाण्यांत हळूहळू आपलं काम खुशाल डबीवर सोपवून दिलं होतं.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तरी हर्षला वाजवतच राहिली. निवेदक बोलायला लागला, तरीही. मागून कुणीतरी शिट्टी मारली. कीबोर्डवाल्या प्रसन्नला तिनं कसंबसं सगळं सांगितलं. त्यानं धावत जाऊन अँब्युलन्स बोलावली आणि डबीचा पहिला खेळ बघायला विंगेत उभ्या असलेल्या इलियासभाईंना ओढत आणलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आप्पांना इथून हलवलं की दाराबाहेर खर्ज पोचणार नाही, हे त्यांनाही लगेच उमगलं.

"एकदम थांबू नकोस, पोरी. खर्जाचं बटण तिळातिळानं उतरव. त्यांचं हृदय आपला ठोका आपण उचलेल."

"आणि नाही उचलला तर?"

"हे मी कधी तपासलंच नाही."

उजव्या हातानं जाड तार छेडत हर्षला गुडघ्यांवर बसली. डावा हात बटणाला लागला आणि चटका बसल्यागत मागे आला. भरल्या सभागृहासमोर तिला रडू फुटलं. आपल्याच हातानं बापाला कसं उतरवायचं?

तेवढ्यात आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. सावकाश हात उचलला. तळवा खाली. कमी कर.

जन्मात तिनं ती खूण कधी मोडली नव्हती. दारातून स्ट्रेचर आत येत होतं. तिनं बटण चिमटीत धरलं आणि पुन्हा वर पाहिलं. तळवा तसाच होता, जरासुद्धा न थरथरता. निवेदकाचं बोलणं बुडतंय म्हणून जुना ध्वनिवाला तिला सांगत होता, की सगळं ओळखून तिचा बाप सांगत होता?