दाराजवळचं स्टूल

मोबाइल उपडे ठेवा आधी. आणि मला हुं द्यायला एकजण पुढे या. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुं आलं नाही की त्याची गाडी अडते. भिंतीशी कोण किती वेळ बोलणार? तू बसतेस? बस. पण झोप आली तर उगाच खोटं हुं देऊ नकोस, मला लगेच कळतं.

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या मित्राच्या घरात घडलेली आहे, आणि तिच्यातली अर्धी मी या दोन कानांनी ऐकली आहे. उरलेली अर्धी कोणीच ऐकली नाही. म्हणजे एकाने ऐकली, पण तो सांगत नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. महिन्यातला शेवटचा गुरुवार, रात्रीचे पावणेदहा. मी जेवून नुकता आडवा झालो होतो आणि भोंग्याचा फोन आला.

"हेडफोनमध्ये खरखर येतेय रे. आतली वायर सुटली असणार. सोल्डरिंगचं सामान घेऊन येतोस का?"

जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले मी, आता दुकान बंद केलं तरी लोक पिच्छा सोडत नाहीत. तुमची काकू म्हणाली, "सकाळी जा की, कुठे पळून चाललाय हेडफोन?" पण भोंग्याच्या आवाजात जरा धुगधुगी वाटली मला. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी करावंसं वाटत होतं. मी स्वेटर चढवला आणि निघालो.

भोंगा म्हणजे आपल्या बसस्टँडवर गाड्या पुकारायचा तो. तुम्ही लहान होतात, तुम्हाला आठवणार नाही. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे, सगळं त्याच्याच तोंडून. काय आवाज होता! माणूस गाव सोडून जायला निघाला की शेवटचा आवाज ऐकायचा तो भोंग्याचा. तो निवृत्त झाला आणि आठवड्याभरात तिथे मशीनमधली बाई बोलायला लागली. मग हा घरात पुकारायचा. "चहा लवकरच टेबलावर येत आहे, कृपया..." वहिनी आतून ओरडायच्या, "अहो, ही बस नाही, बायको आहे. जरा थांबा."

मुलाने लांब नोकरीला जाताजाता त्याला पॉडकास्ट करायला शिकवलं. ना कंपनी, ना जाहिरात. पेन्शनीतून एक माइक घेतला आणि झाला सुरू. आपल्या भागाच्या गोष्टी. घड्याळाची इमारत कोणी बांधली, छापखान्याला आग कशी लागली, पूल व्हायच्या आधी माणसं नदी कशी ओलांडायची. आणि शेवटी एक भुताची गोष्ट, कारण इतिहास ऐकायला चार माणसं येतात आणि भूत म्हटलं की चाळीस, असं त्याचं म्हणणं. एका कंपनीने विचारलं होतं, गोष्ट दहा मिनिटांत संपवाल का म्हणून. याने सरळ फोन ठेवला. म्हातारा दिसला की हा माइक घेऊन त्याच्या उशाशी बसलाच म्हणून समजा. सगळ्या गावाला बोलतं केलं पठ्ठ्याने.

रेकॉर्डिंग घरच्या अडगळीच्या खोलीत व्हायचं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुनी ब्लँकेटं टांगली होती. मध्ये टेबल, टेबलावर माइक, त्याची खुर्ची. आणि दाराजवळ एक लाकडी स्टूल. त्यावर वहिनी बसायच्या, हातात शिवण घेऊन. कारण समोर माणूस असल्याशिवाय भोंग्याला बोलता यायचं नाही. तो सांगायचा आणि वहिनी टाके घालता घालता म्हणायच्या, "हुं." तो पुढे जायचा. "हुं."

आता ते हुं पॉडकास्टमध्ये कसं ठेवणार? रेकॉर्डिंग झालं की हा कॉम्प्युटरवर बसून ते काढून टाकायचा. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते ना, बोललं की ती फुगते, गप्प बसलं की सपाट होते. त्याच्या बोलण्याचे मोठे फुगवटे, आणि मधल्या सपाटीवर वहिनींचं हुं, गव्हाच्या दाण्याएवढं. पुढेपुढे त्याला ऐकावंही लागायचं नाही. नुसता दाणा दिसला की उडवला. तांदळातले खडे वेचावेत तसं.

कधीकधी दाणा जरा लांबट असायचा. म्हणजे वहिनी म्हणालेल्या असायच्या, "तसं नव्हतं हो ते." तोही उडवायचा.

एक सांगायचं राहिलं. पूल होण्याआधी नदीवर होडी चालायची, तो शेवटचा होडीवाला म्हणजे वहिनींचे वडील. भोंग्याने होडीवाल्याची गोष्ट केली होती एकदा. रात्री पलीकडच्या काठावरून बाईची हाक यायची, "थांबा, मी येते." होडीवाला होडी घेऊन जायचा, तर काठावर कोणी नाही. रिकामी होडी वळवून निघायचा, तर ती येताना पाण्यात जास्त बुडालेली असायची. कोणीतरी बसल्यासारखी. एवढीच गोष्ट भोंग्याला ठाऊक होती, तीही सासऱ्यांकडून, लग्नाच्या गडबडीत ऐकलेली. वहिनी स्टुलावरून म्हणाल्या, "तसं नव्हतं हो. पुढे आहे अजून." हा म्हणाला, "आधी माझं पूर्ण होऊ दे, मग तू सांग." ते मग काही आलं नाही. सगळ्या गावापुढे माइक धरला या माणसाने, पण घरातलं स्टूल राहिलं.

मे महिन्यात वहिनींना ताप आला. आठवड्यात गेल्या.

भोंगा माझ्याकडे आला तो पंधरा दिवसांनी. दाढी वाढलेली. पिशवीत कॉम्प्युटर. "तिचा आवाज कुठेच नाही रे," म्हणाला. फोनवर बोलणं साठवलेलं नाही. लग्नाचे फक्त फोटो. मुलाला निरोप पाठवायच्या तोही लिहून, कारण मला कुठे बोलता येतं म्हणायच्या. आणि जे होतं, ते याने स्वतःच्या हाताने, नुसतं डोळ्यांनी बघून उडवलेलं. हजारो दाणे. "एक काढून दे," म्हणाला. "एकच हुं." मी तीन दिवस खटपट केली. पुसलेलं ते पुसलेलंच असतं. त्याला तसंच सांगितलं. लहान मुलासारखा रडला तो, माझ्या बंद दुकानाच्या फळीवर डोकं ठेवून.

हुं... हां, ऐकते आहेस. बरं.

तर त्या गुरुवारी मी गेलो. हेडफोनची वायर जोडून दिली. भोंगा म्हणाला, "आज होडीवाल्याची गोष्ट परत सांगतो. नीट. बस ना जरा, मला हुं द्यायला." मी स्टुलाकडे पाहिलं. त्यावर वहिनींची शिवण तशीच घडी करून ठेवलेली होती, सुई टोचलेली. मी बाहेरून दुसरी खुर्ची आणली आणि टेबलापलीकडे बसलो.

त्याने हेडफोन चढवला, मशीन सुरू केलं. आवाज तोच होता, अगदी बसस्टँडचा. नदी, अंधार, पलीकडचा काठ. मी म्हटलं, "हुं." तो पुढे गेला. मी म्हटलं, "हुं."

तो थांबला.

"दोनदा काय देतोस रे?"

"एकदाच दिलं."

त्याने हेडफोन नीट बसवला. मग पुन्हा सुरू झाला. बाईची हाक आली. होडीवाल्याने वल्हं उचललं. मी म्हटलं, "हुं."

 त्याने हेडफोन काढला आणि माझ्या कानांवर ठेवला. बोटं गार पडली होती त्याची.

तो बोलायला लागला. मी ठरवलं, आता आपण तोंड उघडायचं नाही. ओठ दाबून बसलो. हेडफोनमध्ये त्याचा आवाज. माझा श्वास. खोलीची ती बारीक गुणगुण, ती सगळ्याच खोल्यांना असते. तो म्हणाला, "होडी वळवली..." आणि थांबला.

काही नाही.

काही नाही...

"हुं."

डावीकडून. दाराच्या बाजूने. जवळून.

मी मान वळवली नाही. वळेचना. भोंग्याला हेडफोन नव्हता, पण माझा चेहरा होता ना समोर... त्याला कळलं.

मी उठलो. त्याचा हात धरला. "ऊठ. माझ्या घरी चल. आत्ता."

तो हलला नाही. हळू, अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू जा."

"अरे..."

"तू जा रे. परक्या माणसासमोर ती बोलायची नाही."

परका. लहानपणापासूनचा मित्र मी. पण त्याचं खरं होतं. त्या खोलीत मी परकाच होतो.

दारातून जायचं म्हणजे स्टुलाला चाटून जायचं. मी अंग चोरून गेलो. खाली पाहिलं नाही. रस्ताभर मागे वळलो नाही. काकूने दार उघडलं आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, थंडी.

रात्रभर डोळा लागला नाही. एकटं ठेवून आलो त्याला... एकटं की काय, तेही कळेना.

उजाडताच थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत खोलीत दिवा चालू. आणि भोंगा आपल्या खुर्चीवर नाही.

तो स्टुलावर होता. दाराच्या चौकटीला डोकं टेकून गाढ झोपलेला, शिवण मांडीवर. सात महिन्यांत तो माणूस असा झोपला नव्हता. त्याची खुर्ची जागेवर होती, रिकामी. माइक मात्र खाली सरकवलेला होता. तोंड खुर्चीकडेच, पण वीतभर खाली. बुटक्या माणसासाठी ठेवतात तसा. वहिनी त्याच्या खांद्याला लागायच्या.

मी त्याला उठवलं. चहा दिला. तो प्याला, चव घेऊन प्याला.

"काय झालं रात्री?"

"सांगितलं तिने," म्हणाला. "होडीवाल्याची गोष्ट. पूर्ण."

"मग? पुढे काय होतं?"

तो हसला. "ती तिची गोष्ट आहे. मी सांगणार नाही."

आजतागायत सांगितलेली नाही. मी विचारून थकलो.

पण मशीन रात्रभर चालूच होतं. आम्ही रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला त्याची गोष्ट, माझे हुं, माझं "माझ्या घरी चल". माझ्या चपलांचा आवाज लांब जातो. आणि मग... शांतता. बराच वेळ शांतता. मग भोंगा म्हणतो, "हुं." पुन्हा शांतता. "हुं." जन्मभर पुकारणारा माणूस, नुसता हुं देत बसला होता. एकदा म्हणतो, "अगं, खरंच?" एकदा हसतो. एकदा बराच वेळ नाक ओढतो, आणि मग म्हणतो, "नाही, नाही, तू सांग. मी ऐकतोय." मध्ये कोणी बोलत नाही. काही म्हणजे काही नाही. रात्री मी कानांनी ऐकलेलं ते हुंसुद्धा त्यात वाजत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बिचारा एकटा पडला, भ्रम झाला. मीही तेच म्हटलं असतं, मन घट्ट करून. पण मी चाळीस वर्षं आवाजाची यंत्रं उघडली आहेत, म्हणून मी पडद्याकडे पाहिलं.

तिथे सपाटी नव्हती.

जिथे काही ऐकू येत नव्हतं, तिथे रेघ फुगलेली होती. एका हुंपासून दुसऱ्या हुंपर्यंत, भरगच्च, चढउतार असलेली. माणूस मनापासून बोलतो ना, तशी. मी आवाज शेवटापर्यंत वाढवला. दुसरे स्पीकर आणून जोडले. दुसऱ्या मशीनवर नेलं. दिसतं सगळं, वाजत काही नाही. असं होत नाही, पोरांनो. माझ्या धंद्यात असं होत नाही.

भोंग्याने त्यातलं काही कापलं नाही. आहे तसं पॉडकास्टवर घातलं, होडीवाल्याची गोष्ट म्हणून, आणि सांगणारी म्हणून वहिनींचं नाव दिलं. लोकांनी तक्रारी केल्या, काही ऐकू येत नाही, बिघाड आहे म्हणून. त्याने कोणाला उत्तर दिलं नाही.

अगदी शेवटी त्याचा आवाज येतो. दमलेला, झोपेला आलेला. म्हणतो, "आता काही काढणार नाही हं मी. सगळं ठेवतो."

मग रेघ सपाट होते. एकदम सपाट.

आणि रेकॉर्डिंग संपायच्या जरा आधी, त्या सपाटीवर, एक दाणा आहे.