सहावं पातं

मळमड्डीत वीज गेली होती. गच्चीवर सतरंजी टाकून बसलेल्या निखिल आणि पल्लवीला बाळाचार्य म्हणाले, "हसायचं तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट ज्याची, तो शंकर माझ्याच हाताखाली फिटर होता."

तारिहाळच्या त्यांच्या शेडमध्ये कारवारच्या मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्तीला येत. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप असतो. त्यात सहा पात्यांचं रबरी चाक फिरतं. पातं तुटलं तर पाण्याबरोबर पुढं जाऊन इंजिनाच्या कूलरमध्ये अडकतं आणि पाण्याची वाट बंद करतं. म्हणून बाळाचार्यांचा नियम होता: तुटका तुकडा शोधायचा, चाकाला जुळवून बघायचा, मगच झाकण लावायचं.

कारवारच्या रामू नावाच्या मच्छीमाराच्या बोटीचं इंजिन आलं तेव्हा चाकाला पाचच पाती होती. शंकरला घरी जायची घाई. सहावं न शोधताच त्यानं नवं चाक बसवलं आणि झाकण आवळलं. पंधरा दिवसांनी भर समुद्रात इंजिन तापून बंद पडलं. बोट खडकावर गेली. रामू बुडाला.

चौकशीत शंकर बेधडक म्हणाला, "पाण्याचा कॉकच उघडला नसेल त्यानं. प्यायलेला असायचा."

"खरंच प्यायचा?" पल्लवीनं विचारलं.

"थेंबालाही शिवायचा नाही. पण त्याच्या बायकोला लोक दारुड्याची बायको म्हणायला लागले."

जुनं चाक शंकरनं आपल्या कपाटात कुलपात ठेवलं.

दीड वर्षानं, १४ नोव्हेंबर २०२३ला, पाडव्याच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. खडकावरून काढलेलं तेच इंजिन नव्या मालकानं पाठवलं होतं. कूलरमधलं पातं दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून शंकरनं ते काम मागून घेतलं. रात्री नऊ चाळीसला तो शेडमध्ये एकटाच होता. यंत्रांवर पूजेचे झेंडू सुकत होते.

त्यानं आधी कूलर उघडला. आत काहीच नव्हतं.

"सुटलो," तो पुटपुटला, आणि पंपाचं झाकण काढलं.

पाणी आलं.

दीड वर्ष कोरडं पडलेलं इंजिन... आणि पाणी. खारट. कोमट.

आत चाक होतं. जुनं. पाच पात्यांचं.

शंकर कपाटाकडं धावला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. कप्पा रिकामा... ओला.

मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "शंकरअण्णा... एणसु. मोज."

शंकरनं परत पंपाशी येऊन पाती मोजली. मोजावंच लागलं. "एक... दोन... तीन... चार... पाच..."

"पुढं?"

शंकरनं तुटक्या जागेवरून बोट फिरवलं.

"मी प्यायलो होतो, अण्णा?"

'नाही' म्हणायला शंकरनं तोंड उघडलं...

बाळाचार्य थांबले.

"मग?" निखिलनं हळूच विचारलं.

"सकाळी वॉचमनला इंजिनाशेजारी बसलेला दिसला. तोंड उघडं, श्वास चालू. आवाज गेला तो गेलाच. दर पाडव्याला कारवारला जातो, रामूच्या बायकोच्या दारात उभा राहतो. तोंड उघडतो. शब्द फुटत नाही. ती दार लावून घेते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही. शंकरच्या घशातून जे निघालं ते माझ्या हातावर ठेवलं."

बाळाचार्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत पाच पात्यांचं काळं चाक होतं, आणि रबराचा एक तुकडा.

"जुळवून बघ."

पल्लवीनं मोबाइलच्या उजेडात तुकडा तुटक्या जागी टेकवला. केसभरही फट राहिली नाही.