देवमासा, टॅबलेट आणि डॉक्टर

“जरा पाय उचलता का? तुमच्या टाचेखाली माझी वायर आहे.”

आवाज आला तेव्हा मी देवमाशाच्या जबड्यात पालथी पडले होते. जबड्याची दोन हाडं म्युझियमच्या मागच्या दालनात जमिनीवर कमानीसारखी मांडली होती. त्यांच्या मधोमध सतरंजी टाकून मी टॅबलेटवर चित्र काढत होते. मी पाय उचलला आणि मागे वळून पाहिलं. एक उंच मुलगा गुडघ्यांवर बसला होता. हातात निळी वायर, केसांत कोळ्याचं जाळं, आणि चष्म्यावर इतकी धूळ, की मी त्याला दिसत होते की नाही कोण जाणे.

“मिळाली का वायर?”

“मिळाली. पिचलीये पण.” मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. “तुमचं हे... काम चाललंय, की विरंगुळा?”

“काम.”

“ह्यावर?”

‘ह्यावर’ हा शब्द त्याने असा उच्चारला, जसं कुणी भातुकलीतल्या कढईकडे बघून विचारावं, यात दहा माणसांचं जेवण होणार का.

“राग मानू नका,” तो म्हणाला, “पण टॅबलेट म्हणजे खेळणंच. जोवर त्यात डेस्कटॉपची पुरी सिस्टीम येत नाही, चार खिडक्या शेजारी शेजारी, धड फोल्डर, माउस... तोवर त्यावर फार तर सिनेमा बघावा.”

“मला एका वेळी एकच हाड काढायचं असतं. चार खिडक्या कशाला? वारा यायला?”

तो हसला. हसता हसता त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, आणि तेव्हा कुठे मला पाहिलं. नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं असावं, कारण हातातली वायर सुटून पुन्हा जबड्याखाली गेली आणि ती शोधायला त्याला परत रांगावं लागलं.

सगळे त्याला डॉक्टर म्हणत. म्युझियममधला कुठलाही कॉम्प्युटर आजारी पडला की हा जाऊन आधी त्याला कान लावायचा, म्हणून. मला म्हणत हाडवाली. तेव्हा नावांच्या बाबतीत कुरकुर करायला दोघांनाही जागा नव्हती.

तोवर मी शाळेच्या पुस्तकांसाठी बेडूक आणि फुफ्फुसं काढत होते. देवमासा हे माझं पहिलं मोठं काम. त्याचा सांगाडा कित्येक वर्षं खोक्यांमध्ये पडून होता. आमच्या संचालकबाईंनी हट्टाने तो बाहेर काढला होता. त्यांना तो मोठ्या दालनात छताला टांगायचा होता, पोहत असल्यासारखा. त्यासाठी प्रत्येक हाडाचं मापात चित्र हवं होतं. त्यावरून वेल्डरकाका पोलादाची चौकट घडवणार आणि हाडं तिच्यावर चढणार. मी एकेका बरगडीभोवती फिरायचे, तिच्याशेजारी आडवी व्हायचे, टॅबलेट छातीशी, पेन हातात. हाड जसं वळेल तशी मी वळायचे.

एके दिवशी संचालकबाईंनी मला बोलावलं. डॉक्टर आधीच तिथे उभा होता, शाळेत खोडी काढताना सापडल्यासारखा.

“हाडवाली, तुझी चित्रं सुंदर आहेत,” बाई म्हणाल्या. “पण मला सुंदर नको, जुळणारं हवं. उद्या एवढं धूड लोकांच्या डोक्यावर लटकणार आहे. डॉक्टर म्हणतो, तुझ्या टॅबलेटवर डेस्कटॉपची सिस्टीम चढवता येते. मग तूच हाडं काढ आणि तूच ती जुळव. हे जमत नसेल तर मी बाहेरची कंपनी बोलावते. त्यांच्याकडे मोजणी करणारी यंत्रं आहेत.”

म्हणजे माझा देवमासा माझ्या हातून जाणार. मी डॉक्टरकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

त्याने सिस्टीम चढवली. अगदी मन लावून, ओठ दुमडून, दोन दिवस. टॅबलेट हातात आला तेव्हा तो माझा राहिलाच नव्हता. पडद्यावर मुंगीएवढी बटणं. बोट एकावर ठेवावं तर शेजारचं दाबलं जायचं. आणि पेन... मी बरगडीच्या वळणाला निघायचे आणि रेघ मागून लंगडत यायची. आठवडाभरात माझ्या हातून एक धड हाड उतरलं नाही.

“हे काय करून ठेवलंत तुम्ही?” शेवटी मी त्याच्या खोलीत जाऊन टॅबलेट टेबलावर ठेवला. “माझी पेन्सिल होती ही. तुम्ही तिचं ऑफिस करून टाकलंत.”

“पण आता यात सगळं होतं,” तो म्हणाला. “काहीही करता येतं.”

“फक्त चित्र काढता येत नाही.”

त्याने टॅबलेट उचलून स्वतःकडे ठेवून घेतला. मला वाटलं होतं, भांडेल. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या दालनात आला आणि माझ्या सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला.

“कागदावर काढता का एखादं हाड? मला बघायचंय.”

“का?”

“मी तुमचं मशीन बघितलं. तुमचं काम बघितलंच नव्हतं.”

मी काढायला बसले. तो सकाळभर बसून राहिला. मी सरकले की सरकायचा, मी आडवी झाले की मान तिरकी करायचा. वर छताच्या काचेवर पाऊस वाजत होता, आणि त्याचा करडा उजेड हाडांवर हलत होता. मध्येच माझी बट डोळ्यांवर आली. हात शाईने बरबटलेले. मी फुंकर मारून बघितली, ती जाईना. त्याने हात पुढे केला... आणि अर्ध्यावरच थांबवून स्वतःच्या मानेवर नेला.

“तुम्ही कागद फिरवता,” तो हळू आवाजात म्हणाला. “हात नाही, कागद फिरवता. आणि काढताना कागदाकडे बघतच नाही, हाडाकडे बघता.”

“मग कुठे बघायचं?”

“तेच म्हणतोय. आणि मी तुम्हाला बटणांकडे बघायला लावलं.”

दुपारी त्याने टॅबलेट होता तसा करून दिला. मग मला न सांगता तो संचालकबाईंकडे गेला. तिथे काय झालं ते मला वेल्डरकाकांकडून कळलं. काका दाराशी चौकटीचं काम दाखवायला थांबले होते. डॉक्टरने बाईंना सरळ सांगितलं, ‘सल्ला माझा होता आणि तो चुकला. टॅबलेटला डेस्कटॉप करण्यात अर्थ नाही. हाडवाली चित्रं काढेल, जुळणी मी माझ्या कॉम्प्युटरवर करेन.’ बाईंनी विचारलं, आणि चौकट चुकली तर कोण जबाबदार? तर म्हणाला, मी.

“पोरगं कामाचं आहे,” काका मला म्हणाले आणि उगाच मिशीतल्या मिशीत हसले.

खरं सांगायचं तर बाजू त्याचीही होती. एकेक हाड काढणं वेगळं आणि सगळी एका मापात बसवणं वेगळं. टॅबलेटवर चार-पाच मणके एकत्र आणले की माझा गोंधळ उडायचा, हे मी कधी कबूल केलं नव्हतं. आता मी दालनात हाड काढायचे आणि ते तिथल्या तिथे त्याच्या पडद्यावर पोचायचं. संध्याकाळी चहाचे कप घेऊन मी त्याच्या खोलीत जायचे. त्याच्या मोठ्या पडद्यावर माझे मणके एकामागून एक रांगेत लागलेले असायचे, खऱ्या मापात, माशाच्या पाठीच्या बाकासह. मी तुकडे केलेले असायचे आणि तो मला मासा करून दाखवायचा.

“इथे तुमची रेघ जरा फुगलीये,” तो म्हणायचा.

“फुगली नाही. हाडच तिथे फुगीर आहे. हात लावून बघा उद्या.”

दुसऱ्या दिवशी तो खरंच हात लावून यायचा. “आहे फुगीर. माफ करा.”

“नुसतं माफ करा?”

“चहा मी आणतो.”

मी आत्याकडे राहत होते. त्या दिवसांत माझ्या बोलण्यात ‘डॉक्टर असं म्हणाले, डॉक्टर तसं म्हणाले’ इतक्या वेळा यायचं, की आत्याने मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं. एका संध्याकाळी छत्री द्यायचं निमित्त करून ती म्युझियममध्ये अवतरली, डॉक्टरसमोर खुर्ची ओढून बसली आणि गुडघा पुढे केला.

“जिना उतरताना कळ येते हो.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी जमीन दुभंगायची वाट बघत होते.

“आत्या,” तो गंभीरपणे म्हणाला, “मी कॉम्प्युटरचा डॉक्टर आहे. आमच्याकडे एकच औषध, बंद करून पुन्हा चालू करणं. गुडघ्याला ते कितपत लागू पडेल, शंका आहे.”

आत्या पदर तोंडाला लावून इतकी हसली की खुर्ची हलली. घरी जाताना म्हणाली, “खोटं बोलत नाही. चालेल.”

“आत्या, कुणी काही विचारलेलं नाही अजून.”

“त्याने तुला आत्ता छत्री उघडून दिली. मुठीकडून दिली, टोकाकडून नाही. मी बघत होते.”

चौकट तयार झाली. मोठ्या दालनात ती आधी जमिनीवरच उभी केली आणि तिच्याभोवती परांच्या बांधल्या. कवटी चढली, मणके चढले. बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना बोलावलं होतं आणि दुपारपर्यंत शेवटच्या बरगड्या तेवढ्या राहिल्या होत्या. तिथेच घोडं अडलं. डाव्या बाजूची एक बरगडी काही केल्या चौकटीवरच्या पोलादी पकडीत बसेना. इतक्या वर्षांनी मोकळ्या हवेत आल्यावर ती सुकून थोडी वाकली होती. मी चित्र काढलं तेव्हाची ती राहिली नव्हती. जोराने दाबली असती तर मोडली असती.

संचालकबाई खाली उभ्या होत्या. सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

“मी वर जाते,” मी म्हणाले. टॅबलेट गळ्यात अडकवला आणि परांचीवर चढले. वर, देवमाशाच्या छातीत, वेल्डरकाका बरगडी हातांवर तोलून उभे होते. मी फळीवर पाठ टेकून पडले आणि तिचं नवं वळण काढायला लागले. खाली डॉक्टर कॉम्प्युटर मांडून बसला होता. माझी रेघ वर संपली की खाली त्याच्याकडे पूर्ण व्हायची. तो ती चौकटीवर ठेवून बघायचा आणि ओरडून सांगायचा, “पकड बोटभर मागे!” काका पकड सरकवायचे. बरगडी थोडी बसायची, पुन्हा अडायची. मी पुन्हा काढायचे. तो पुन्हा बसवून बघायचा. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. मान दुखत होती, डोळ्यांत लोखंडाचा कीस जात होता, आणि मला मात्र आयुष्यात कधी नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

शेवटी एक कोपरा असा आला, की तो चित्रात सांगता येईना. पकडीचा पीळ होता तो. दिसायलाच हवा होता. मी फळीवरून डोकं बाहेर काढलं.

“तू वर ये! इथे ये आणि बघ!”

तोवर आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणत होतो. माझ्या लक्षात आलं तेव्हा शब्द खाली पोचलेला होता. संचालकबाईंनी भुवया वर केल्या. काकांनी बरगडीआड तोंड लपवलं.

डॉक्टर उठला. शिडी धरली. दुसऱ्या पायरीवर त्याचे डोळे घट्ट मिटलेले पाहिले, तेव्हा मला कळलं की त्याला उंचीची भीती वाटते. तरी तो चढत राहिला. चेहरा पांढरा, ओठ दुमडलेले. वर पोचल्यावर फळीवर गुडघे टेकले आणि माझ्याजवळ सरकला.

“कुठे?” त्याने डोळे उघडून विचारलं.

मी त्याचा हात धरून पकडीवर ठेवला. त्याने बोटांनी पीळ चाचपला, माझ्या टॅबलेटवरची रेघ पाहिली, पुन्हा चाचपला.

“काका, हिला डावीकडे जरा पीळ द्या... अजून... थांबा.”

टक् असा आवाज आला आणि बरगडी जाग्यावर बसली. काकांनी हात सोडले. ती तशीच राहिली.

“बसली,” काका म्हणाले. मग आमच्या दोघांकडे पाहून त्यांना अचानक खाली काहीतरी काम आठवलं.

आम्ही देवमाशाच्या छातीत दोघेच उरलो. दोन्ही बाजूंना माझ्या बरगड्या... आमच्या बरगड्या. मी अजून त्याचा हात धरला होता.

“तू मला ‘तू’ म्हणालीस,” तो म्हणाला.

“घाईत होते.”

“आता घाई नाहीये.”

“नाही,” मी म्हणाले. “आता घाई नाही, तरीही... तूच.”

त्याने खाली बघायचं टाळून माझ्याकडे पाहिलं. “मला नीट बोलता येत नाही. पण रोज संध्याकाळी तू चहा घेऊन यायचीस ना, तोवर मी हाडं मुद्दाम पूर्ण जोडायचो नाही. एक मणका ठेवून द्यायचो. म्हणजे तू आल्यावर आपण दोघांनी तो जोडायचा.” तो थांबला. “मला तू आवडतेस. खूप. हे वर येण्यापेक्षा अवघड होतं.”

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी माझं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं. “मी जिना चढून येताना पावलांचा आवाज मुद्दाम करायचे,” मी म्हणाले. “तुला कळावं म्हणून.”

“कळायचा,” तो म्हणाला.

खालून बाईंचा आवाज आला, “झालं असेल तर उतरा. मासा उचलायचाय मला.”

तो माझा हात धरूनच शिडी उतरला. काकांनी इशारा केला आणि चारी बाजूंच्या साखळ्या एकदम ताणल्या गेल्या. एवढा मोठा देवमासा आधी नुसता थरथरला, मग हळूच जमिनीपासून सुटला. त्याखालून उजेड सरकला. तो वर गेला, आणखी वर, आणि दालनाच्या मधोमध येऊन थांबला. शेपटी एकीकडे किंचित वळलेली, जणू आत्ताच पाणी कापून आला होता. एकही हाड कुरकुरलं नाही. आधी काकांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवायला सुरुवात केली. संचालकबाई डोळे पुसत होत्या आणि डोळ्यांत कीस गेला असं सांगत होत्या.

मी मान वर करून बघत होते. डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत होता.

“वर बघ ना,” मी म्हणाले.

“बघतो,” तो म्हणाला, आणि बघितलं नाही.