सात सुरांचा उगम

स्मृतिमापन प्रयोगशाळेत त्या सकाळी दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीवर संगीतकार मृण्मयी खांबेटे, दुसरीवर 'केशरबाग चहा'चे मालक यशवंत गुंडेवार. मृण्मयीच्या गाजलेल्या गाण्याचा मुखडा आणि केशरबागेचे नोंदलेले नादचिन्ह, दोन्हींचे सात सूर एकच होते, आणि ते आपलेच, असे दोघांचेही म्हणणे होते.

"उगमदर्शकाचे तत्त्व सोपे आहे," डॉ. फिरोझ तांबोळी उत्साहाने सांगू लागले. "ऐकलेल्या चालीच्या मुळाशी मेंदूत श्रवणखूण राहते, तिचे वय मोजता येते. स्वतः रचलेल्या चालीला खूण नसते."

"म्हणजे चोर कानाला धरूनच पकडायचा," गुंडेवार हसले.

ज्याच्या स्मृतीत खूण सापडेल त्याने ते सूर सोडायचे, असे दोघांनी न्यायालयाला लिहून दिले होते.

गुंडेवारांच्या स्मृतीत खूण निघाली : चौतीस वर्षांपूर्वीची, ते सहा वर्षांचे असतानाची. मृण्मयीचा चेहरा उजळला. मग तिची पाळी आली. खूण होतीच, तीही चौतीस वर्षांपूर्वीची, तिच्या जन्माच्या दोन महिने आधीची.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. "सहा महिने खपून बांधलीय मी ती चाल."

"बिघडलेले नाही," तांबोळींचा आवाज चढला. "सातव्या महिन्यात गर्भाला ऐकू येते. शालनबाई, तेव्हा तुम्ही काय ऐकत होता?"

दाराशी बसलेली मृण्मयीची आई चपापली. "ऐकायला सवड कुठली? केशरबागेच्या शेडमध्ये चहाचे पुडे भरत होते." तिने टेबलावर चार ठोके दिले, रुमालाला तीन घड्या घातल्या. "ठोक्यांनी भुकटी बसते, मग तोंड दुमडायचं. हात चुकू नये म्हणून गुणगुणायचे. हे यशवंतराव तेव्हा एवढेसे, खोक्यावर बसून ऐकायचे."

तांबोळींनी तिलाही यंत्राखाली बसवले. तिच्या स्मृतीत यंत्राला चाल सापडली. खूण सापडली नाही. तांबोळींनी पुन्हा मोजले. नाहीच.

"आई, बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. आणि कामाच्या चालीला कसला गं मालक?"

"आता आहे," तांबोळी म्हणाले. "करारानुसार दोघेही हरले. सूर वापरायचे तर तुमची परवानगी हवी."

दोन पेने एकाच वेळी तिच्यापुढे आली. शालनबाईंनी दोन्ही बाजूला सारली.

"आधी दोघांनी या चालीवर एकेक पुडा भरून दाखवा," ती म्हणाली. "भुकटी सांडली, तर सही नाही."