दोन थेंब ललितच्या नावाचे

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कोणाला पटवून द्यायची हौस नाही. मी स्वतः तिथे होते, एवढंच सांगते.

गेल्या दिवाळीतली भाऊबीज. सुरतेतली बमरोली. दिवेलागणीची वेळ झाली होती, पण दिवे अजून लागले नव्हते.

मी सोनाली. माझा धाकटा भाऊ ललित बमरोलीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, काम करतो. आमचं गाव शिरपूरकडचं, पण आई-वडील गेले तेव्हापासून माझं माहेर म्हणजे ललितच्या त्या दोन खोल्या. भाऊबीजेला मी पुण्याहून तिथेच जाते.

माझा नवरा भूपेंद्र. माणूस वाईट नाही. पण नव्या गावात गेल्यावर लोक देऊळ कुठे आहे विचारतात, हा बिअर कुठे आहे विचारतो.

बाटलीतली नाही हं! तिथल्या तिथे टाकीत बनवलेली, ताजी. बंगळूर, गोवा, शिलाँग... कुठेही गेलो की आधी तेच. त्याचं म्हणणं असं, की चांगला बार मोबाइलवर सापडत नाही, नाकाने सापडतो. धान्य उकळल्याचा वास आला की समजायचं, जागा खरी आहे. खोटं कशाला बोलू, गव्हाची बिअर मलाही आवडते.

पण सुरतेत कसली बिअर?

"दाजी, आठे बंदी शे," ललित हसून म्हणाला. "पानी प्या आनि गप बठा."

ललित स्वतः पूर्वी प्यायचा. मुलगी झाली तेव्हा त्याने आमच्या कानबाई देवीपुढे शपथ घेतली आणि सोडली ती सोडलीच. त्याची बायको वर्षा मला म्हणाली होती, "ताई, पुन्हा हात लावला तर मी पोरीला घेऊन जाईन. मग मला अडवू नका."

मी ललितला ओवाळलं. त्याला उदंड आयुष्य मिळू दे, असं मनात म्हटलं. दरवर्षी म्हणते. त्या वर्षी जरा जास्तच मनापासून म्हटलं.

मग आम्ही तिघं पाय मोकळे करायला निघालो.

तुम्ही बमरोलीत गेला असाल तर तिथली खटखट ठाऊक असेल. लूम दिवसरात्र चालतात. पण दिवाळीत कारखाने बंद असतात आणि कामगार गावी जातात. सगळी गल्ली गप्प होती. आमच्या चपलांचा आवाजही मोठा वाटत होता.

आणि मग...

भूपेंद्र थांबला. त्याने नाक वर केलं.

"सोनाली, वास येतोय."

मलाही आला. गरम धान्याचा, गोडसर.

त्याच्या पाठोपाठ आवाजही आला. खटखट... खटखट... सगळे कारखाने बंद, आणि गल्लीच्या टोकाला एकच शेड चालू.

ललित कडुनिंबाखाली उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"दाजी, तठे जाऊ नका. मी तर येवावच नही."

"पोलिसांना घाबरतोस का रे?"

भूपेंद्रने माझा हात धरला आणि आम्ही शेडमध्ये शिरलो.

आम्ही आत पाऊल टाकलं...

आणि खटखट थांबली.

आत लूम नव्हते. लाकडी खुर्च्या होत्या, टेबलं होती. मागे तांब्याची मोठी टाकी होती. माणसं बसली होती, सगळी कामगारच दिसत होती. प्रत्येकाच्या पुढे ग्लास. प्रत्येक ग्लास काठोकाठ भरलेला.

कोणीही पीत नव्हतं.

एक म्हातारा पुढे आला. भूपेंद्रने काही मागितलंच नव्हतं, तरी त्याने आमच्यापुढे दोन ग्लास ठेवले. सोनेरी, वर पांढरा फेस.

आमच्या खान्देशात पिणारे लोक पहिला घोट घेण्याआधी ग्लासात बोट बुडवतात. दोन थेंब जमिनीवर शिंपडतात, गेलेल्या दोस्ताच्या नावाने. भूपेंद्र पुण्यातल्या भारी बारमध्येही हे करतो, मित्र हसले तरी करतो.

त्याने बोट बुडवलं. थेंब शिंपडले.

म्हातारा म्हणाला, "कोना नावनं?"

असं कधी कोणी विचारत नाही. भूपेंद्रला गंमत वाटली. तो दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "आमच्या ललितच्या नावानं! दारू सोडली, म्हणजे आमच्यासाठी मेलाच की तो!"

मी त्याला कोपराने ढोसलं. भाऊबीजेच्या दिवशी हे काय बोलणं?

पण तोवर सगळी माणसं मान वर करून आमच्याकडे बघू लागली होती.

त्यांचे डोळे पांढुरके होते. सगळ्यांचे.

कोपऱ्यातला एकजण उठला. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. अगदी शांत हसला. पाळी संपलेला माणूस घरी जातो तसा मागच्या दाराने निघून गेला.

त्याची खुर्ची रिकामी राहिली. मग ती खुर्ची आपोआप थोडी मागे सरकली. कोणाला तरी बसायला जागा करून दिल्यासारखी.

मी ग्लासाला हात लावला नाही. भूपेंद्रने एकच घोट घेतला होता. मी त्याला ओढतच बाहेर आणलं. पाठीमागे खटखट पुन्हा सुरू झाली.

ललित कडुनिंबाखालीच होता. मनगटाने तोंड पुसत होता.

"ताई... मन्हं तोंड वलं कसं?"

मी जवळ गेले. त्याच्या तोंडाला धान्याचा वास येत होता.

घरी वर्षाने तो वास घेतला. ती ओरडली नाही. तिने पोरीचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

"मी एक थेंब बी लिधा नही," ललित पुन्हा पुन्हा सांगत होता. मी देवाची शपथ घेतली, भूपेंद्रने कान धरले. वर्षा ऐकेना.

मग आम्ही शेडमध्ये जे पाहिलं ते सगळं सांगितलं. तो माणूस उठून गेला, खुर्ची सरकली, तेही.

ललित दाराला कडी लावून आला.

त्या शेडमध्ये पूर्वी लूम होते, तो म्हणाला. एका दिवाळीत रात्रपाळीच्या लोकांना सोडवायला बदली आलीच नाही. सकाळचे कामगार गावी निघून गेले होते. आणि लूमवरचा नियम असा, की बदलीचा माणूस आल्याशिवाय कोणी मशीन सोडत नाही. ते तिथेच थांबले. कोणीतरी कॅनमधून दारू आणली. दारू विषारी होती. आधी डोळे गेले, मग माणसं.

"ते अजून बदलीची वाट बघतात, ताई. दाजींनी एकाची बदली दिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धावत तिथे गेलो. शटरला गंजलेलं कुलूप होतं. कुलपावर वेल चढली होती. भूपेंद्र शटरवर हात आपटून ओरडला, "मी नाव परत घेतो! चुकून घेतलं! परत घेतो!"

आत खटखट चालू होती. ती थांबली.

शटरच्या अगदी पलीकडून आवाज आला.

"बदली आनी का?"

आम्ही तसेच मागे फिरलो.

त्यानंतर रोज दिवेलागणीला ललितचं तोंड ओलं व्हायचं. एकदा तो पोरीची वेणी घालत होता, तेव्हा वर्षाच्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हा तिचा विश्वास बसला. पिशवी पुन्हा रिकामी झाली, पण त्याचा आनंद करायला कोणाला सवड नव्हती. कारण ललितच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं.

रक्त तपासलं, दारूचा अंशही नाही. डोळे तपासले, डॉक्टरांना दोष सापडेना. भगत झाला, उतारा झाला, कानबाईला नवस झाला. मी पुण्याहून रोज फोन करायचे. दुसरं करणार काय? ज्या हाताने त्याला ओवाळलं तोच हात कपाळाला लावून बसायचे.

मागच्या आठवड्यात ललित फोनवर म्हणाला, "ताई, आता पोरीना चेहरा बी दिखत नही."

स्पीकर चालू होता. भूपेंद्रने ऐकलं. तो जेवणाच्या ताटावरून उठला.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर तो स्वयंपाकघरात अंधारात बसला होता. पुढे पाण्याचा ग्लास. ग्लासात बोट बुडवलेलं. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मला वाटलं, स्वतःचं नाव घ्यायला धीर गोळा करतोय. मला त्याची दया आली. मी तशीच परत येऊन झोपले.

आज संध्याकाळी ललितचा फोन आला. तो रडत होता.

"ताई, आज तोंड कोरडं शे! पोरगी दिखी ऱ्हायनी माले!"

मागून वर्षाचं हसणं आणि रडणं एकदमच ऐकू आलं. मीही रडले. इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरला. धावत बाहेरच्या खोलीत जाऊन मी भूपेंद्रला सांगितलं.

तो खिडकीपाशी उभा होता. धडधाकट. वळला नाही.

"बरं झालं," म्हणाला. मग न बघताच त्याने आपला रुमाल मागे, माझ्याकडे धरला.

"पुसून घे."

मला वाटलं, डोळे पुसायला देतोय.

रुमाल घेताना जीभ सहज ओठांवरून फिरली...

गोडसर. गरम धान्यासारखं.

आमच्या सोसायटीच्या आसपास एकही कारखाना नाही. तरी हे लिहितेय तेव्हा कुठून तरी खटखट ऐकू येतेय. त्याने कोणाचं नाव घेतलं, ते मी अजून विचारलेलं नाही.