दगडूचा गळपट्टा

मी थापा मारतो. कोलशेतच्या आमच्या सोसायटीत हे वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. येऊरच्या बिबट्याला छत्री उघडून पळवणारा तो मीच.

पण ही थाप नाही.

नातीची शपथ घेतो... नको. तिची शपथ घ्यायचीही आता भीती वाटते.

गेल्या जानेवारीतला शनिवार. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. दुपारचं लख्ख ऊन. जागा शीळफाट्याच्या पुढे, आत डोंगराच्या पायथ्याशी. माझा मित्र श्रीपाद, त्याची शेती.

बँकेतून निवृत्त झाला आणि याला घोड्यांचं वेड लागलं. ट्रॅक्टर नाही, बैल नाही. नांगर, गाडी, सगळं घोड्यांवर. आणि घोडे म्हणजे वरातीतले नव्हेत! ओझं ओढणारे, अवाढव्य. खूर जेवणाच्या ताटाएवढे. शाळांच्या सहली यायच्या ते बघायला.

माझी नात सान्वी, दुसरीत. तिच्या वर्गाची सहल होती. आई-बाप ऑफिसात, म्हणून सोबत मी.

"बाबा, तिला नजरेआड करू नका हं," सुनेने बजावलं होतं.

तिथे गाडीला घोडा एकच जोडलेला. राघो. शेजारची जागा रिकामी. पण त्या रिकाम्या जागी घोड्याचा एक गळपट्टा लटकत होता, साखळ्यांनी गाडीला जोडलेला. जाड चामड्याचा, घामाने काळा पडलेला.

"हा कुणाचा रे?" मी श्रीपादला विचारलं.

"दगडूचा. राघोचा जोडीदार. दिवाळीत गेला. पण त्याचा पट्टा शेजारी जोडल्याशिवाय राघो पाऊल उचलत नाही."

"मग पगारही देतोस का त्याला?"

श्रीपाद हसला नाही.

"काम संपलं की आधी दगडूचा पट्टा सोडतो. 'सुटलास रे बाबा' म्हणतो. मग राघोला सोडायचं. तो असतानाही असंच होतं. आधी राघोला सोडलं तर दगडू गाडीसकट निघायचा."

पोरांनी नांगरणी बघितली. गाडीतून चक्कर मारून झाली. सान्वीच्या वर्गशिक्षिका आसावरी मॅडम मात्र सारखं घड्याळ बघत होत्या.

"काका, आवरा हो! शीळफाट्याला अडकलो तर पालक माझा जीव खातील."

पोरांच्या गलक्याने राघो बिथरला. पाय आपटायला लागला. श्रीपादने घाईघाईने त्याला सोडलं आणि पाण्यावर नेलं.

आधी राघोला सोडलं...

कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"आजोबा, माझी टोपी गाडीत राहिली," म्हणत सान्वी वर चढली.

आणि... साखळी वाजली.

वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

लोंबकळणारा तो गळपट्टा हळूहळू वर उचलला गेला. माझ्या डोक्याच्याही वर. साखळ्या ताणल्या. चाक करकरलं.

गाडी चालायला लागली.

घोडा नसलेली गाडी!

धप्प... धप्प... धप्प...

टापा कानांना नाही, तळपायांना कळत होत्या. नांगरलेल्या मऊ मातीत ठसा मात्र एकही नाही.

"सान्वी, उडी मार!"

ती पुढच्या फळीवर घट्ट बसलेली. भेदरलेली. तिच्या हातातला लगाम ताठ.

श्रीपाद धावत आला. तोंड पांढरंफटक.

"खाणीकडे निघालाय... तिच्या काठालाच पुरलंय रे त्याला!"

शेताच्या टोकाला जुनी दगडखाण. काठोकाठ पाणी. कठडा नाही.

मी या वयात पळालो. चपला कुठे पडल्या, कळलं नाही. गाडीचा मागचा फळका हाती लागला, धरला, फरफटत गेलो. डोळ्यांपुढे फक्त ते हिरवं पाणी आणि माझी पोर.

"श्रीपाद, अरे म्हण ना ते! सुटलास म्हण!"

त्याचे ओठ हलत होते.

मग एकदम ओरडला, "दगडू... सुटलास रे बाबा! सुटलास!"

गळपट्टा धपकन खाली पडला.

गाडी थांबली. पुढचं चाक अगदी काठावर. दोन-चार खडे घरंगळले... डुबुक.

सान्वीला मी छातीशी धरलं. ती मात्र शांत.

"तो रडत होता, आजोबा. त्याला एकटं तिकडे जायचं नव्हतं. मग मी म्हटलं, आमच्याकडे चल."

मी तिचा हात सोडला नाही. बसमध्येही नाही.

दिवेलागणीला सोसायटीत पोचलो. लिफ्टमध्ये शिरलो. मी आणि सान्वी. दोघंच.

"दाब गं सातवा."

"थांबा ना जरा..."

लिफ्ट किंचित खाली दबली.

टीं... टीं... टीं...

लाल दिवा. ओव्हरलोड.

मी तिला खेचून बाहेर काढलं. रिकामी लिफ्ट वाजतच राहिली.

मेकॅनिक येऊन गेला. लिफ्टमध्ये काही बिघाड नाही म्हणाला.

आता आम्ही जिन्याने जातो. सात मजले. गुडघे ठणकतात, पण जातो. सान्वीला जराही दम लागत नाही. फक्त प्रत्येक मजल्यावर ती थांबते. कठड्यावरून खाली वाकून बघते.

"सावकाश ये हं," म्हणते.

मी तर तिच्या पुढे असतो.