पाणी किती लांब आहे ते सांग

चहाचा वाडगा भिंतीवर आदळून फुटला, आणि आंधळे येसेनबाय ओरडले, "जिभेला काही हाड आहे का तुझ्या? बापाला असं सांगतात?"

उल्जान तुकडे वेचू लागली. ती बापाला, आपल्या अकेला, एवढंच म्हणाली होती... "अके, पाणी अडवायला घातलेला वाळूचा बांध कालच्या वादळात वाहून गेला. समुद्र पुन्हा मागे हटलाय."

येसेनबाय एकेकाळचे कझाकस्तानातल्या अराल समुद्रावरचे नावाजलेले कोळी. समुद्र आटत आटत गावापासून ऐंशी किलोमीटर दूर गेला, नावा वाळूत रुतल्या, आणि पुढे त्यांची दृष्टीही गेली. त्याच वर्षी उल्जानला शिक्षिका होण्यासाठी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ते पत्र तिने कुणालाही न दाखवता चुलीत घातलं, आणि धाकटा भाऊ दाउलेत शिकायला अल्माटीला गेला.

तिथून त्याचा फोन येई. "अके, पुढच्या महिन्यात पाणी दारात बघा!" म्हातारा दोन दिवस खुलून जाई. महिना सरे... आणि तो चेहरा आधीपेक्षा अधिकच विझे!

"आलं का गं पाणी?"

"आज नाही, अके. पण नवा बांध घालतायत, सिमेंटचा. मी स्वतः पाहून आले. टिकेल असं वाटतं. खात्री नाही देत."

"वाटतं म्हणे! भावाच्या तोंडात साखर आहे, तुझ्या तोंडात नुसती धूळ!"

ती घरामागे जाऊन पोटभर रडे. आणि पुढच्या आठवड्यात, कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून, धूळ खात पुन्हा बांध पाहायला जाई. अशी बारा वर्षं गेली!

मग एका वसंतात दाउलेत धापा टाकत दारात उभा राहिला. "अके! पाणी आलं! वाटेत डोळ्यांनी पाहिलं!"

येसेनबायांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तू तर दर महिन्याला आणतोस रे समुद्र. उल्जानला बोलाव. तिला म्हणू दे."

दाउलेतचा चेहरा पांढराफटक पडला. अंगणात बहिणीपुढे तो मटकन खाली बसला. "आपा, गोड बोलून बोलून मी त्यांचा विश्वासच संपवला गं! तुझ्यामुळे तो उरलाय..."

ती नुकतीच बांधावरून परतली होती; तिने त्याला हाताला धरून उठवलं आणि ती आत आली. "आलंय, अके. दारात नाही. अजून पंधरा किलोमीटर लांब आहे, आणि याच्या पुढे येईल की नाही, मला ठाऊक नाही. पण आलंय!"

म्हातारा हुंदके देत बूट चाचपू लागला.

तिघं ट्रकने पोचले. जिथे गावच्या पोरांनी उंट चारले होते, तिथे आता क्षितिजापर्यंत निळं, जिवंत, श्वास घेणारं पाणी पसरलं होतं! ते केवढं अफाट होतं! येसेनबाय गुडघाभर पाण्यात शिरले, ओंजळ भरून ओठांना लावली, आणि पायाला मासा चाटून जाताच लहान मुलासारखे किंचाळले.

मग हात पसरून त्यांनी लेकीला शोधलं. "पोरी, तुझ्या तोंडात धूळ आहे म्हणालो मी. सगळे मला अंधारात ठेवत होते, फक्त तू ठेवलं नाहीस... पाणी येईल याची तुला कशी गं एवढी खात्री?"

"खात्री कुठली, अके! दर वेळी वाटायचं, परत येऊन तुम्हाला पुन्हा 'नाही आलं' असंच सांगावं लागणार."

"मग जायचीस कशी?"

"घाबरत जायचे," ती म्हणाली.

त्यांनी तिचे ओले तळहात उचलून आपल्या मिटल्या डोळ्यांवर ठेवले, आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले.